कानोसा जेवायला बसला

आमच्या खारघरच्या सोसायटीत माझ्याबद्दल दोन समज आहेत. एक, मी शाळेत बाई होते. दुसरा, मी विमा कंपनीत होते. दोन्ही मी खोडून काढत नाही. खरं सांगायला सुरुवात केली की तेवढ्यात लिफ्ट तळाला पोचते आणि समोरची व्यक्ती घाईघाईत विचारते, "म्हणजे कार्टून काढायचात?" काढत नव्हते हो, लिहायचे. मुलांच्या मासिकात अचाट शक्तीचे हीरो असतात ना, त्यांना मी उभी हयात कामाला लावलं. आणि शेवटची बरीच वर्षं अशा दोघांची जोडी करून त्यांच्याकडून चोर पकडून घेतले. हा उद्योग करून पोट भरणारी बाई आपल्या मजल्यावर राहते, हे सहज पटण्यासारखं नाही याची मला कल्पना आहे.

आमचं ऑफिस तुर्भ्याला, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत, लसणाच्या गोदामाच्या वर होतं. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंना बालसाहित्याचा ध्यास वगैरे काही नव्हता. त्यांचा छापखाना होता, लग्नसराई संपली की यंत्र रिकामं बसायचं, आणि ते त्यांना बघवायचं नाही, म्हणून मासिक. माझे बाबा त्याच बाजारात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. "पोरगी निबंध बरे लिहिते" एवढ्या शिफारशीवर मी तिथे चिकटले आणि मासिक बंद पडेपर्यंत उठले नाही. लसणाचा वास साडीला इतका बसला होता की बसमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसायची.

मासिकात दोन हीरो होते. एक महादणका. तो म्हात्र्यांचा. हिराजी म्हात्रे आमचे चित्रकार, तळवलीचे, जन्माने आगरी आणि स्वभावाने यजमान. आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ट्रकच्या मागे मोर काढायचे, हळदीच्या मांडवाचे पडदे करायचे. महादणका त्यांनीच काढला आणि त्याच्या गोष्टीही तेच जुळवायचे. छाती अशी की चौकटीत मावायची नाही. गावात आईजवळ राहायचा. उडता उडता खाली कोणी ओळखीचं दिसलं की उतरून चौकशी करायचा, आणि त्याच्या ओळखीचं सगळं शहर होतं, त्यामुळे तो कुठेही वेळेवर पोचत नसे.

दुसरा कानोसा. तो माझा. हडकुळा, करड्या शर्टातला, कानात कापसाचे बोळे घातलेला. त्याला लांबलांबचं ऐकू यायचं. भिंतीआडचं कुजबुजणं, कुलपातली किल्ली, खाडीपलीकडचं कुत्रं. पण ते त्याला बंद करता येत नसे. शहरात शिरलं की हॉर्न, क्रेन, कुकरच्या शिट्ट्या सगळं एकदम डोक्यात घुसायचं आणि तो भोवळ येऊन पडायचा. म्हणून बिचारा जुन्या मिठागराच्या झोपडीत एकटा राहायचा. हा स्वभाव कुठून सुचला असं कोणी मला कधी विचारलं नाही. आई गेली होती, बाबा पाठ धरून गावी परतले होते, आणि मी भाड्याच्या खोलीत शेजाऱ्यांच्या घरातली भांडणं, हसणं आणि टीव्हीच्या मालिका ऐकत संध्याकाळ काढायचे. सुचायला काही फार लांब जावं लागलं नाही.

खप घसरला तेव्हा भाऊंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तोवर म्हात्रे आणि मी एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो.

"दोघांना एका गोष्टीत घाला," भाऊ म्हणाले. "डिटेक्टिव्ह करा. पोरांना आता मारामारी फोनवर बघायला मिळते. रहस्य द्या."

"दोघातला चोर कोन पकडनार?" म्हात्र्यांनी लगेच विचारलं.

"ते तुम्ही दोघं ठरवा. मला दिवाळीच्या आत अंक पाहिजे."

आता बाहेरच्यांना सांगायला हवं की अचाट शक्ती आणि रहस्यकथा यांचं मुळातच पटत नाही. रहस्यकथेत काहीतरी कळत नसतं, आणि ते कळायला पानं लागतात. भिंतीपलीकडचं बघणारा हीरो आणलात तर चोर पहिल्याच पानावर दिसतो आणि उरलेल्या पानांत जाहिराती छापाव्या लागतात. तेव्हा हीरोला शक्ती देणं सोपं, ती ऐन वेळी अडेल कशी हे बघणं हे खरं काम. जोडी जमवतानाही लोक एक गरम आणि एक थंड घेतात, दोघांत भांडणं लावतात आणि झालं म्हणतात. त्याने करमणूक होते, चोर सापडत नाही. माझ्या अनुभवाने सांगते, दोघांनी वेगवेगळ्या तऱ्हेने चुकायला हवं. महादणका माणसांवर विश्वास टाकून चुकायचा आणि कानोसा विश्वास न टाकून. काय घडलं ते कानोशाने शोधायचं आणि का घडलं ते महादणक्याने, कारण ‘का’ हे विचारायला माणसाजवळ बसावं लागतं.

पहिली गोष्ट आम्ही न्हावा शेव्याच्या यार्डात लावली. रिकामा म्हणून नोंदलेल्या एका कंटेनरमधून कोणीतरी खोकतंय, आणि कंटेनर सगळे सारखेच, एकावर एक रचलेले. जहाज निघायच्या आत तो सापडायला हवा. कानोशाला खोकला ऐकू येतो, पण ट्रेलरच्या इंजिनांच्या धडधडीत तो जमिनीवर कोसळतो. महादणका सगळे कंटेनर उघडू शकतो, पण तोवर जहाज गेलेलं असेल. मग महादणका काय करतो, तर रांगेतल्या एकेका ड्रायव्हरला नावाने हाक मारून इंजिन बंद करायला सांगतो. सगळे त्याच्या ओळखीचे, सगळे ऐकतात. यार्ड शांत होतं आणि कानोसा बोट दाखवतो.

म्हात्रे लालबुंद झाले. "ताई, माझा पोर काय निस्त्या गप्पा माराला हाय? त्यानं एकपन कंटेनर उचलला नाय!"

"गरजच पडत नाही, म्हात्रे."

"गरज नसंल, पन पोरांनी पैशे कशाला दिलेत?"

शेवटी महादणका एक कंटेनर काहीही कारण नसताना उचलतो आणि परत ठेवतो, अशी चौकट घातली. त्या अंकातली मुलांची सगळ्यात आवडती चौकट तीच ठरली. मी पुढे कधी म्हात्र्यांशी त्या विषयावर वाद घातला नाही.

वेगळीच अडचण निघाली. म्हात्र्यांच्या हाताला खोटं बोलता येत नव्हतं. चोर कोण हे माहीत असलं की त्यांच्याकडून त्याचे डोळे तिरपे निघायचे, गालावर उगाच सावली यायची, खांदा पडायचा. "चौथ्या पानावरच कळलं" अशी मुलांची पत्रं आली. म्हात्रे म्हणायचे, "मी काय करू, तो चोर हाय तर चोरासारखाच दिसंल." मग आमच्यात पद्धत पडली. मी संहिता घेऊन तळवलीला जायचे, पण शेवटची दोन पानं पर्समध्ये ठेवायचे. बाकीची सगळी पानं शाईने पक्की झाल्याशिवाय ती बाहेर काढायची नाहीत. त्यांच्या पोटमाळ्यावर टेबल होतं, तिथे ते चित्रं काढायचे, मी शाई वाळेपर्यंत खिडकीशी बसायचे, आणि म्हात्रेवहिनी चहाच्या निमित्ताने वर येऊन एकेका पात्राला निरखून बघायच्या.

"डाक्टरच हाय. मिशा बगा त्याच्या."

मी तोंड मिटून बसायचे.

"नाय? मंग ती नर्स. ताई हसल्या, नर्सच हाय!"

त्या घरात मी इतकी वर्षं गेले, आणि दर वेळी वहिनींनी जेवायला थांबवलं, आणि दर वेळी मी बसची वेळ सांगून निघाले. संकोच म्हणा. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या भरल्या पानावर बसायची भीती वाटते, कारण मग आपल्या घरी जाऊन एकटं जेवणं जड जातं.

वाचक तऱ्हेतऱ्हेचे. एका वडिलांनी ऑफिसात येऊन महादणका कितवी शिकला आहे हे लेखी मागितलं होतं. पण माझ्या लक्षात राहिल्या त्या खारघरच्या एक आजी. नाव विचारलं तर म्हणायच्या, आजीच म्हणा. नातवासाठी अंक घ्यायच्या, नातू परदेशी गेला तरी घेत राहिल्या. दर महिन्याला अंक मिळाला की ऑफिसात फोन.

"अहो, त्या कानोशाच्या लग्नाचं बघताय की नाही?"

"आजी, त्याला आवाज सहन होत नाही. संसार कसा करणार?"

"मग शांत मुलगी बघा ना. माझ्या बघण्यात एक आहे, लायब्ररीत असते. तिचं बोलणं मलाच ऐकू येत नाही, त्याला काय त्रास होणार?"

मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत. "ऐकून घेणारा मुलगा आहे हो," त्या म्हणायच्या. "इथे फोनसुद्धा तिकडून लवकर ठेवतात." मग त्यांचे फोन थांबले. का थांबले ते कळायला मार्ग नव्हता, आमच्याकडे नाव नव्हतं की पत्ता. पुढे मी स्वतः खारघरला घर घेतलं, तेव्हा पहिले काही महिने भाजीच्या गाडीपाशी कुठलीही म्हातारी बाई बोलायला लागली की मी थांबून तिचा आवाज ऐकायचे. तो आवाज काही भेटला नाही.

मासिकाचे शेवटचे दिवस आले तेव्हा ऐरोलीच्या एका ॲप कंपनीतून श्रेया नावाची मुलगी आली. गोड मुलगी. लहानपणी आमचे अंक वाचलेली, म्हणून स्वतःहून आलेली. तिला ॲपवरच्या कार्टूनसाठी महादणका हवा होता.

"आणि कानोसा?" मी विचारलं.

"मॅम, कानोसा मला पर्सनली खूप आवडायचा. पण तो सॅड आहे ना. लहान मुलांना टेन्शन येतं. आणि ऐकणं ॲनिमेट कसं करणार? तो नुसता बसलेला दिसतो, मॅम."

ती खरं बोलत होती.

अट अशी होती की मासिकाच्या शेवटच्या अंकात जोडी सुटायला हवी, म्हणजे महादणका मोकळा. भाऊ म्हणाले, "मारू नको त्याला, पोरं रडतील. कुठेतरी जाऊ दे. हिमालयात वगैरे."

मी आयुष्यात एकच माणूस नीट घडवला होता, आणि त्याला हिमालयात वगैरे पाठवायचा होता. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण हे वाईट वाटलेलं सांगायला त्याच्याखेरीज मला कोणी नव्हतं. मग मी ठरवलं, जायचंच असेल तर हात हलवत जाणार नाही. रहस्यकथेतून जाईल, आणि शेवटच्या पानावर वाचकाला दचकवून जाईल.

गोष्ट अशी रचली. नवी मुंबईतले आवाज चोरीला जाऊ लागतात. आधी खाडीतल्या फ्लेमिंगोंचा कलकलाट, मग शाळेची घंटा, मग पाम बीच रोडवरचे हॉर्न. शेवटी बाजारात लिलाव ऐन रंगात असताना सगळ्यांची तोंडं हलतात आणि आवाज निघत नाही. संशय कापसाचे बोळे विकणाऱ्या व्यापाऱ्यावर, कानाच्या डॉक्टरवर आणि धंदा बुडालेल्या एका लाउडस्पीकरवाल्यावर. खरा चोर कानोसा. शांतता मिळावी म्हणून त्यानेच सगळं केलेलं, आणि महादणका त्याला पकडतो. दोन मित्र समोरासमोर, मग कानोसा कायमचा निघून जातो. चोरीच्या वेळी कानोसा कुठे होता हे मी संहितेत मुद्दाम कुठेच लिहिलं नाही. वाचकाच्या ते लक्षात येऊ नये, आणि शेवटी एकदम यावं, हीच त्यातली मेख.

शेवटची दोन पानं पर्समध्ये ठेवून मी बाकीची तळवलीला देऊन आले. म्हात्र्यांचा उजवा हात तोवर थरथरायला लागला होता. एकेका चौकटीला ते दिवस दिवस घेत होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. झालेली पानं म्हात्र्यांच्या पुतण्याने थेट ऑफिसात पोचवली, त्यामुळे मी ती पहिल्यांदा बघितली ती स्कॅन होऊन काँप्युटरवर आल्यावर.

बाजारातली चोरी सुरेख उतरली होती. मोठी चौकट, शेकडो उघडी तोंडं, मागे भिंतीवर घड्याळ. त्याच्याखाली छोटी चौकट महादणक्याच्या घरची. मी लिहिलं होतं, "महादणका घाईने बाहेर पडला आहे. आई ताट वाढून उभी. भिंतीवर घड्याळ, वरचीच वेळ. आईचा फुगा: अरे, जेवून तरी जा!" दोन घड्याळं अशासाठी की एकाच वेळी इकडे काय आणि तिकडे काय हे मुलांना कळावं.

म्हात्र्यांनी आई काढली होती, ताट काढलं होतं, घड्याळ काढलं होतं. आणि ताटापुढे पाटावर कानोसा मांडी घालून जेवत बसला होता. कानात बोळे, हातात भाकरीचा तुकडा, वाटीत मासळीचं कालवण. आई त्याच्याकडे बघून म्हणत होती, अरे, जेवून तरी जा.

म्हणजे चोरीच्या ऐन वेळेला माझा चोर महादणक्याच्या आईसमोर जेवत होता. यापेक्षा भक्कम साक्ष कोर्टातही मिळत नाही. सगळी गोष्ट कोसळली.

मी हे सांगितलं तेव्हा आमच्या काँप्युटरवाल्या सुनीलने माउस सरकवला. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. हा एक माणूस उडवायचा ना? एका मिनिटाचं काम आहे. पाट ठेवतो, माणूस काढतो. उडवू?"

त्याचा बाण कानोशाच्या डोक्यावर होता. इतक्या गोष्टी मी लिहिल्या, पण कानोशाला मी कधी कोणाच्या घरात जेवताना लिहिलं नव्हतं. झोपडीत, कट्ट्यावर, खाडीच्या बांधावर, सगळीकडे तो उभा नाहीतर एकटा. जेवताना तो कसा दिसेल हेच मला ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावर समाधान होतं त्याच्या. मी सुनीलला म्हटलं, थांब, आणि बस पकडून तळवलीला गेले.

म्हात्रे पोटमाळ्यावर नव्हते, खाली पलंगावर होते. मी चप्पल काढता काढताच विचारलं, "म्हात्रे, कानोसा तिथे कुठून आला? मी लिहिला नव्हता."

"कुठं?"

"महादणक्याच्या घरात. जेवायला."

ते जरा ओशाळले. "ताई, वाचत गेलो तर दर चोरीच्या येळेला तो कुठंच दिसंना. मना वाटला, तुमी लिवाला इसरल्या. आन त्या बाईनं ताट वाढलेला हाय, पोर तर गेला बाहेर. वाढलेला ताट तसाच ठेवाचा? म्हनून त्याला बसवला."

"अहो, पण निदान विचारायचं."

"इचारनार होतो. पन काढला आन बरा वाटला. लय वर्सं त्याला मी एकलाच काढतो. हात आता किती दिवस चालंल माहीत नाय."

म्हात्रेवहिनींनी पाणी आणून दिलं. शाईची पानं झाली होती, पद्धतीप्रमाणे आता मोकळीक होती, तेव्हा म्हात्र्यांनी विचारलं, "मंग चोर कोन हाय?"

मी पर्समधून पानं काढली आणि सांगितलं. "कानोसा."

वहिनी एकदम उसळल्या. "असा कसा? तो तर आमच्याकडं जेवत व्हता!"

"तेच तर झालंय, वहिनी."

"मंग दुसरा कोनतरी शोधा. डाक्टर घ्या."

"डॉक्टर त्या वेळी दवाखान्यात दाखवलाय. व्यापारी बाजारात आहे, पण त्याचाच आवाज गेलाय. लाउडस्पीकरवाला पोलीस चौकीत. सगळ्यांची सोय मी आधीच लावून ठेवली होती."

वहिनींनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजल्यासारखं केलं. कोण कुठे, कोण कुठे. मग हळूच नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मंग एकच र्‍हायला. ह्यांचा पोर. तोच घरात नव्हता."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. महादणका घाईने बाहेर पडतो हे मीच लिहिलं होतं. तो कुठे गेला हे मी कुठेही सांगितलं नव्हतं. ताकद त्याच्याकडे होती, सगळे दरवाजे त्याला उघडे होते, आणि त्याच्यावर कोणी संशय घेणार नव्हतं. चोर म्हणून तो अगदी फिट्ट बसत होता. बसत नव्हतं ते एवढंच, की शहरभर ज्याचे मित्र त्याने शहराचा आवाज का चोरावा? मी ते तोंडाने बोलूनही दाखवलं.

म्हात्रे म्हणाले, "का म्हंजी काय? त्याला गावात र्‍हाता यावा म्हनून."

"कोणाला?"

"कानोशाला. आवाज नसंल तर तो येनार ना जेवाला. रोज येनार."

मी तिथेच लिहायला बसले. म्हात्रे पलंगावर उठून बसले आणि मधेमधे सांगत राहिले, असं नको, तो असं बोलनार नाय. महादणका कबूल करतो, रडतो. कानोसाच त्याला समजावतो की सगळ्यांचा आवाज सगळ्यांना परत कर, मी आपला माझ्या झोपडीत बरा आहे. आवाज परत येतात, कानोसा कान झाकून खाडीकडे चालू लागतो, आणि महादणका डबा घेऊन त्याच्या मागे निघतो. लिहून झालं तेव्हा वहिनींनी विचारलं नाही, सरळ ताट समोर आणून ठेवलं. मी जेवले. बस गेली असेल तर जाऊ दे म्हटलं.

ती दोन पानं म्हात्र्यांनी त्याच थरथरत्या हाताने काढली. रेषा सगळीकडे हलल्या. भाऊ म्हणाले, "वा, आवाज परत आल्याचा इफेक्ट मस्त दिलाय." आम्ही दोघांनी मान डोलावली.

अंक निघाला. किती जणांनी वाचला देव जाणे. श्रेयाने वाचला आणि फोन केला. म्हणाली, "मॅम, सुंदर आहे. पण आमच्याकडे हीरो चोर नाही चालणार. आम्ही त्याची स्टोरी पहिल्यापासून सुरू करतो." जोडी सुटायची होती ती तशीही सुटली. म्हात्र्यांनी कागदावर सही केली, डाव्या हाताने मनगट धरून. "जाऊ दे त्याला," ते मला म्हणाले. "जग बगंल." कानोशाबद्दल कागदात काहीच नव्हतं, तो माझ्याकडे राहिला. पुढच्या वर्षी म्हात्रे गेले. वहिनी आता मुलीकडे पेणला असतात.

महादणका त्या ॲपवर आहे. मी बघते. सगळे भाग बघितलेत. मला वाटलं होतं की मला राग येईल, तो आला नाही. रंग झकास आहेत, छाती आता चौकटीत मावते. तो फार झपाट्याने चोर पकडतो, कारण आता त्याला सगळं दिसतं, वाटेत कोणाशी बोलायला तो उतरत नाही. त्याला आई नाही. गावही नाही, एका उंच काचेच्या मनोऱ्यात राहतो. प्रत्येक भागाच्या शेवटी तो त्या मनोऱ्याच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा राहतो, खाली सगळं शहर चमकत असतं, आणि नावं सरकायला लागतात. त्यांत म्हात्र्यांचंही असतं, बारीक अक्षरात.

इतकी वर्षं मी कानोशाच्या काळजीत घालवली. त्याची मला आता चिंता वाटत नाही, त्याला सवय आहे, मलाही आहे. काळजी आता वाटते ती त्या मनोऱ्यावरच्या महादणक्याची. त्याला एकटं राहायची सवयच नाही. कोणीतरी त्याला खाली बोलवायला हवं, हातपाय धू म्हणायला हवं आणि पाटावर बसवायला हवं. श्रेयाला मी हे एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, "मॅम, नक्की बघते," आणि ती बघेलही, चांगली मुलगी आहे. पण कोण एकटं राहिलंय हे न सांगता ओळखून त्याच्यापुढे ताट काढणारा माणूस आता नाही.